कॅशे लावूनही पान मध्येच अडकतं: वर्डप्रेसमधल्या ट्रान्झियंटचं समस्या निवारण

लक्षण साधारण असं असतं. पान एरवी अर्ध्या सेकंदात उघडतं, पण मधूनच एखादा वाचक आठ-दहा सेकंद ताटकळतो. कधी तर दोन-चार मिनिटं अख्खी साइट ५०४ (सर्व्हरने वेळेत उत्तर दिलं नाही) दाखवते आणि आपोआप सुधारते. हळू चालणाऱ्या फंक्शनचा निकाल ट्रान्झियंटमध्ये, म्हणजे वर्डप्रेसच्या मुदतीपुरत्या साठवणीत, ठेवलेला आहे, मुदत एक तासाची आहे, कोड वरवर बरोबर दिसतो. मग कोणीतरी मुदत वाढवून चोवीस तास करतं. थोडे दिवस बरे जातात आणि तक्रार परत येते, या वेळी शिळ्या माहितीची.

मुदतीचा आकडा हे या दुखण्याचं मूळ क्वचितच असतं. बहुतेक वेळा ट्रान्झियंटचं नाव चुकलेलं असतं, रिकामा किंवा फसलेला निकाल नीट हाताळलेला नसतो, नाहीतर मुदत संपल्याच्या क्षणी आलेले सगळे जण एकदम तेच काम करायला धावतात. म्हणून मुदतीला हात लावायच्या आधी खालच्या गोष्टी बघा.

उदाहरणासाठी बाजारभावाचं पान घेऊ. वाचक जिल्हा निवडतो, आपलं फंक्शन बाहेरच्या सर्व्हरकडून त्या जिल्ह्यातल्या बाजार समित्यांचे कांद्याचे भाव आणतं आणि तक्ता तयार करतं. आणायला ८ सेकंद लागतात.

आधी मोजा

हळू फंक्शनच्या सुरुवातीला आणि शेवटी मायक्रोटाइम (सेकंदाच्या अंशासकट वेळ) घ्या आणि फरक, ट्रान्झियंटच्या नावासकट, एरर लॉगमध्ये लिहा. कॅशेतून निकाल मिळाला तर 'मिळाला', नाही तर 'नाही' अशी नोंदही त्याच ओळीत करा. तासाभराचा लॉग पुरतो. एकाच नावापुढे तासात एकदाच 'नाही' दिसलं तर साठवण ठीक आहे. एकाच सेकंदात त्याच नावाच्या पंधरा-वीस 'नाही' दिसल्या तर ती गर्दीची समस्या, तिच्याकडे पुढे येऊ. प्रत्येक भेटीला 'नाही' असेल तर कॅशे लागलेलाच नाही.

लॉग नको असेल तर क्वेरी मॉनिटर हे प्लगइन टाका. त्यात बाहेरच्या एचटीटीपी विनंत्या आणि त्या पानावर बदललेले ट्रान्झियंट वेगळे दिसतात. पान लागोपाठ तीनदा उघडलं आणि तिन्ही वेळा तोच ट्रान्झियंट नव्याने लिहिलेला दिसला, तर पुढचा भाग तुमच्यासाठीच आहे.

एक खुलासा इथेच करून टाकू, कारण यात फार जण फसतात. डब्ल्यूपी_कॅशे_सेट आणि सेट_ट्रान्झियंट ही निकाल साठवणारी दोन फंक्शनं एकच नव्हेत. डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डरात ऑब्जेक्ट-कॅशे.पीएचपी ही फाइल नसेल, म्हणजे मागे रेडिस किंवा मेमकॅश्ड (मेमरीत माहिती साठवणारे प्रोग्राम) जोडलेलं नसेल, तर डब्ल्यूपी_कॅशे_सेटने ठेवलेलं ती एक विनंती संपताच जातं. ट्रान्झियंट मात्र तेव्हा डेटाबेसमध्ये, ऑप्शन्स टेबलमध्ये राहतो. त्याच्या दोन ओळी असतात, एक मूल्याची आणि एक मुदतीची. रेडिस जोडलं की ट्रान्झियंट ऑप्शन्स टेबलमध्ये जातच नाही, थेट तिकडे जातो. त्यामुळे टेबलमध्ये शोधून 'ट्रान्झियंट तयारच होत नाही' असा निष्कर्ष काढण्याआधी तुमच्याकडे यातलं काय चालू आहे ते पाहा. डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसच्या कमांड-लाइन साधनाचा 'ट्रान्झियंट टाइप' हा आदेश ते एका ओळीत सांगतो.

नाव चुकतं ते इथे

निकाल ज्या ज्या गोष्टींमुळे बदलतो त्या सगळ्या नावात हव्यात, आणि ज्यांच्यामुळे बदलत नाही त्यातली एकही नको. वाक्य सोपं आहे, पण दोन्ही बाजूंनी चुका होतात.

जास्तीचं काही घुसलं की कॅशे कधीच लागत नाही. टाइम() चा आकडा, नॉन्स (विनंती खरी आहे हे पटवणारी तात्पुरती खूण), वाचकाचा आयपी पत्ता, जाहिरातीच्या दुव्यातून आलेलं शेपूट यातलं काहीही नावात गेलं तर प्रत्येक भेटीला नवं नाव. सर्वात छुपा प्रकार तारखेचा. क्वेरीच्या अटींमध्ये 'आत्तापर्यंतचे' म्हणून सेकंदासकट वेळ दिलेली असते, त्या सगळ्या अटींचा एमडी५ (मजकुरावरून काढलेला ठरावीक लांबीचा ठसा) करून नाव बनवलेलं असतं आणि ते दर सेकंदाला बदलतं. ऑप्शन्स टेबल फुगत जातं ते वेगळंच. वेळ तासापर्यंत किंवा दिवसापर्यंत छाटून मगच नावात घाला. अटींचा क्रम बदलला तरी एमडी५ बदलतो, म्हणून आधी केसॉर्टने अटी त्यांच्या नावांच्या क्रमाने लावा.

कमी पडलं तर जास्त वाईट. जिल्हा नावात नसेल तर नाशिकचे भाव सोलापूरच्या पानावर दिसतील, हे लगेच लक्षात तरी येतं. साइट मराठी आणि इंग्रजी दोन्हीत असेल आणि भाषा नावात नसेल, तर जी भाषा आधी उघडली तीच तासभर सगळ्यांना. लॉगिन केलेल्या माणसाचं नाव, पत्ता, ऑर्डरी असलेला मजकूर वापरकर्त्याच्या क्रमांकाविना साठवला तर एकाची माहिती दुसऱ्याला दिसते. ही चूक वेगाची नाही, गोपनीयतेची आहे. असा मजकूर शक्यतो साठवूच नका. फॉर्मचं तयार एचटीएमएलही साठवू नका, कारण त्यातला नॉन्स वापरकर्त्याला बांधलेला असतो आणि साधारण १२ ते २४ तासांत मरतो. मग फॉर्म भरणाऱ्याला विनाकारण ४०३ (परवानगी नाही) मिळतो.

आता लांबी. मराठी साइटवर हे सहज घडतं. ट्रान्झियंटचं नाव जास्तीत जास्त १७२ चिन्हांचं असावं लागतं. ऑप्शनच्या नावाची मर्यादा १९१, आणि मुदतीच्या ओळीला वर्डप्रेस स्वतः १९ चिन्हांचा उपसर्ग लावतं, त्यातून हा आकडा येतो. १७२ पुष्कळ वाटतात. पण देवनागरी स्लग (पानाच्या पत्त्यातलं नाव) वर्डप्रेसमध्ये टक्केवारीच्या चिन्हांत साठवला जातो. नुसत्या 'ग' चं %ई०%ए४%९७ होतं, म्हणजे नऊ चिन्हं. काना, मात्रा, हलन्त यांचीही प्रत्येकी नऊ. 'गणेशोत्सव' या शब्दात अशी नऊ एककं, म्हणजे एका शब्दाची ८१ चिन्हं. 'पुणे-गणेशोत्सव-मिरवणूक' हा स्लग १८२ चिन्हांचा होतो, तुमचा उपसर्ग जोडायच्या आधीच.

पुढे काय होतं ते मजेशीर आहे. वर्डप्रेस डेटाबेसशी जोडताना मायएसक्यूएलचा कडक मोड बंद करतं, त्यामुळे लांब नाव एररविना छाटून लिहिलं जातं. वाचताना मात्र पूर्ण नाव शोधलं जातं, ते सापडत नाही, फंक्शन पुन्हा चालतं. नाव १७३ ते १८० च्या दरम्यान असेल तर त्याहून चमत्कारिक: मूल्याची ओळ मावते, मुदतीची छाटली जाते, आणि मुदतच न सापडल्याने तो ट्रान्झियंट कधीच शिळा ठरत नाही. 'बाकी पानं बरोबर, एकच पान महिनोन् महिने जुनं' या तक्रारीत नावाची लांबी सर्वात आधी मोजा. उपाय एका ओळीचा: छोटा उपसर्ग, त्यापुढे स्लगचा ३२ चिन्हांचा एमडी५. त्याहून बरं म्हणजे स्लगऐवजी पोस्टचा किंवा टर्मचा (वर्गवारीचा किंवा टॅगचा) क्रमांक वापरा.

शोधपेटीत टाइप केलेल्या शब्दांवरून नाव बनवत असाल तर आणखी एक. 'दुसऱ्या' मधला अर्धा र वेगवेगळे कीबोर्ड वेगवेगळ्या पद्धतीने लिहितात. कोणी ऱ वापरतं, कोणी र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. दिसायला एकच शब्द, एमडी५ दोन. खरं तर मोकळ्या शोधाचे निकाल ट्रान्झियंटमध्ये ठेवण्यात फार अर्थ नाही. नावं अगणित होतात आणि एकेका नावाला दुसरी भेट मिळेलच असं नाही.

फक्त सुट्टीच्या दिवशी साइट हळू

ही तक्रार आली की कोडमधली ही अट शोधा: 'जर निकाल नसेल तर पुन्हा आण', आणि 'नसेल' हे नुसत्या उद्गारचिन्हाने तपासलेलं. रविवारी किंवा सणाला लिलाव बंद असतात, भावांची यादी रिकामी येते, ती इमानदारीत साठवली जाते. पण पीएचपीच्या दृष्टीने रिकामी यादी, शून्य आणि रिकामी स्ट्रिंग हे सगळं 'नाही'च. म्हणून प्रत्येक वाचकासाठी बाहेरच्या सर्व्हरला फोन जातो. गेट_ट्रान्झियंटला काही सापडलं नाही तर तो फॉल्स देतो, तेव्हा तुलना तीन बरोबरच्या चिन्हांनी, थेट फॉल्सशीच करा.

फंक्शन स्वतःच फॉल्स परत देऊ शकत असेल तर हेही पुरत नाही. मूल्य नेहमी एका अॅरेच्या पाकिटात घालून ठेवा, म्हणजे पाकीट आहे की नाही आणि आत काय आहे हे दोन वेगळे प्रश्न राहतात. शिवाय डेटाबेसमधून परत येताना सुटा आकडा स्ट्रिंग होऊन येतो. पाकिटात असेल तर त्याचा प्रकार टिकतो.

फसलेल्या निकालाचं दुखणं याच्या उलट. बाहेरचा सर्व्हर पाच सेकंदांत बोलला नाही, डब्ल्यूपी_रिमोट_गेटने डब्ल्यूपी_एरर दिला (वेळेची मूळ मर्यादा ५ सेकंदच असते, आपल्या ८ सेकंदांच्या कामाला ती वाढवून १५ करावी लागेल) आणि कोडने तो एरर तासाभरासाठी साठवून टाकला. समोरचा सर्व्हर मिनिटभरात सुधारला तरी आपलं पान तासभर रिकामं. साठवण्याआधी चार गोष्टी याच क्रमाने बघा: एरर आहे का, उत्तराचा कोड २०० आहे का, जेसन स्वरूपातलं उत्तर उलगडून अॅरे मिळाला का, त्यात अपेक्षित रकाने आहेत का. शेवटची तपासणी वगळू नका. देखभालीचं पान २०० कोडसकट पाठवणारे सर्व्हर कमी नाहीत.

अपयश अजिबातच साठवलं नाही तर समोरचा बंद असेपर्यंत आपला प्रत्येक वाचक पूर्ण १५ सेकंद थांबेल. म्हणून अपयशही साठवायचं, पण साठ ते एकशे वीस सेकंदांसाठी आणि वेगळी खूण करून. हातात जुना चांगला निकाल असेल तर तोच दाखवत राहायचं.

मुदत संपते तेव्हाची गर्दी

साइट दर तासाला ठरावीक मिनिटांनी कोसळते ती यामुळे. हिशोब करून बघा. पानाला सेकंदाला ५ विनंत्या येतात. मुदत संपली. पहिल्या विनंतीने काम सुरू केलं, ते ८ सेकंद चालणार. तोवर आणखी ४० विनंत्या येतात, प्रत्येकीला ट्रान्झियंट रिकामा दिसतो आणि प्रत्येक जण तेच काम सुरू करतो. पीएचपी-एफपीएमला (सर्व्हरवर पीएचपी चालवणाऱ्या सेवेला) २० प्रक्रियांची परवानगी असेल तर चार सेकंदांत त्या सगळ्या अडकल्या. त्यानंतर साइटचं साधं 'संपर्क' पानही उघडत नाही. त्यातच लिनक्सवर पीएचपीची कमाल वेळमर्यादा बाहेरच्या उत्तराची वाट पाहण्यात गेलेला वेळ मोजत नाही, त्यामुळे अडकलेली प्रक्रिया ३० सेकंदांत आपोआप मरेल या भरवशावर राहू नका.

उपाय असा: मुदती दोन ठेवायच्या. ट्रान्झियंटची खरी मुदत लांब, २४ तास. पाकिटाच्या आत 'ताजी कधीपर्यंत' ही वेळ, एक तासाची. तास उलटला की एकाच विनंतीने नवा निकाल आणायचा आणि तोवर बाकीच्यांना जुना द्यायचा. 'हे काम मी करतोय' असं बाकीच्या विनंत्यांना सांगणारी खूण म्हणजे कुलूप. ढाचा असा:

पाकीट = गेट_ट्रान्झियंट( नाव )
पाकीट आहे आणि ताजं आहे → तेच परत द्या
कुलूप मागा, वाट न पाहता
कुलूप मिळालं → निकाल आणा, तपासा, साठवा, कुलूप सोडा, परत द्या
कुलूप नाही, जुनं पाकीट आहे → जुनंच परत द्या
कुलूप नाही, पाकीटही नाही → 'भाव थोड्या वेळात दिसतील' ही ओळ द्या

शेवटच्या ओळीत फंक्शन चालवायचा मोह आवरा. तिथे चालवलं तर कुलपाचा उपयोग शून्य.

कुलूप म्हणून दुसरा ट्रान्झियंट वापरलेला बऱ्याच ठिकाणी दिसतो: आहे का बघा, नसेल तर लिहा. 'बघा' आणि 'लिहा' यांच्या मध्ये दुसरी विनंती घुसते आणि दोघांनाही कुलूप मिळाल्यासारखं वाटतं. रेडिस किंवा मेमकॅश्ड असेल तर डब्ल्यूपी_कॅशे_अॅड वापरा आणि त्याला तीस सेकंदांची मुदत द्या. ते 'नसेल तरच लिहा' हे एकाच पावलात करतं. नुसता डेटाबेस असेल तर मायएसक्यूएलचं गेट_लॉक, थांबण्याची वेळ शून्य. १ आलं तर कुलूप तुमचं, ० आलं तर दुसऱ्याचं. याचा मोठा फायदा म्हणजे पीएचपी मध्येच मेलं तरी जोडणी तुटताच कुलूप सुटतं. दोन पथ्यं: नाव ६४ चिन्हांच्या आत ठेवा, आणि ते अख्ख्या डेटाबेस सर्व्हरला समाईक असल्याने त्यात साइटचं नाव घाला. कुलूप सोडण्याची ओळ फायनली मध्ये लिहा, म्हणजे मध्येच एरर आला तरी ती चालते.

महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांचे ट्रान्झियंट एकाच क्रॉनने (ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या कामाने) एकाच मिनिटाला भरले तर ते एकाच मिनिटाला शिळेही होतील. ताजेपणाच्या मुदतीत शून्य ते ३०० सेकंदांची यादृच्छिक भर घाला, भार पसरतो.

काम मुळातच वाचकाच्या विनंतीत करायचं नसेल, तर क्रॉनने दर तासाला निकाल आणून ठेवणं सगळ्यात बरं. पण वर्डप्रेसचा स्वतःचा क्रॉन भेटींवर चालतो, आणि समोर पूर्ण पानाचा कॅशे असेल तर भेटी पीएचपीपर्यंत पोचतच नाहीत. डिसेबल_डब्ल्यूपी_क्रॉन ट्रू करा आणि सर्व्हरच्या खऱ्या क्रॉनमधून दर पाच मिनिटांनी डब्ल्यूपी-सीएलआयने थकलेली कामं चालवा.

'आजचे भाव' सकाळी साडेपाचला बदलतात

वर्डप्रेस पीएचपीचा मूळ टाइमझोन यूटीसी ठेवतं. नावात किंवा क्वेरीत साध्या डेट() ने 'आज' काढला असेल तर तारीख भारतीय वेळेनुसार मध्यरात्री न बदलता पहाटे ५:३० ला बदलते. पंचांग, दिनविशेष, भाव, सगळ्याच रोजच्या पानांवर हे दिसतं. सेटिंगमध्ये टाइमझोन कोलकाता निवडा आणि कोडमध्ये डब्ल्यूपी_डेट वापरा. मुदत मध्यरात्रीपर्यंतच हवी असेल तर डब्ल्यूपी_टाइमझोन देऊन 'उद्या'चा टाइमस्टॅम्प काढा आणि त्यातून टाइम() वजा करा.

रेडिस किंवा मेमकॅश्ड जोडल्यानंतर बिघडलं असेल तर

मेमकॅश्डला ३० दिवसांहून, म्हणजे २५९२००० सेकंदांहून मोठी मुदत दिली की तो आकडा त्याला १९७० पासूनची तारीख वाटतो. वर्षभराची मुदत म्हणजे जानेवारी १९७१, त्यामुळे नोंद जन्मतःच शिळी. काही ड्रॉप-इन (ऑब्जेक्ट-कॅशे.पीएचपी या फाइलच्या तयार आवृत्त्या) हे सांभाळून घेतात, पण त्यावर विसंबू नका. एका नोंदीची मूळ मर्यादा १ एमबी आहे, त्याहून मोठा तक्ता साठतच नाही. तयार एचटीएमएलऐवजी लागणारे रकानेच ठेवा.

रेडिसमध्ये मेमरीची मर्यादा लावली असेल तर जुनं काढण्याचं धोरण तपासा. मूळ धोरण 'काहीही काढू नका' असं असतं, म्हणून जागा भरली की नवं लिहिणंच नाकारलं जातं आणि सगळ्या साइटचा कॅशे एकदम थंडावतो. निव्वळ कॅशेसाठी ऑलकीज-एलआरयू, म्हणजे बराच काळ न वापरलेलं आधी काढणारं धोरण, ठेवा. एकाच रेडिसवर दोन साइट असतील, किंवा चाचणीची साइट मूळ साइटची कॉन्फिग फाइल जशीच्या तशी उचलून बनवली असेल, तर दोघींचा उपसर्ग वेगळा आहे का ते पाहा. नसेल तर चाचणीतला बनावट भाव खऱ्या पानावर झळकतो.

सगळं पुसलं तरी जुनंच दिसतं

डब्ल्यूपी-सीएलआयचं 'कॅशे फ्लश' डेटाबेसमधले ट्रान्झियंट पुसत नाही. त्यासाठी 'ट्रान्झियंट डिलीट' ला 'ऑल' हा पर्याय द्यावा लागतो. भर गर्दीच्या वेळी हे करू नका, वरची चाळीस विनंत्यांची गोष्ट सगळ्या पानांवर एकदम घडेल.

पुसूनही जुनं दिसत असेल तर थर मोजा. ट्रान्झियंट एक तास, त्यावर पूर्ण पानाचा कॅशे एक तास, त्यावर सीडीएन (वाचकाजवळच्या सर्व्हरवर पानाची प्रत ठेवणारी सेवा) आणखी एक तास असेल, तर वाचकापुढची माहिती तीन तासांपर्यंत जुनी असू शकते, आणि तिन्ही थर आपापल्या जागी बरोबरच असतात. आधी डब्ल्यूपी-सीएलआयने ट्रान्झियंटचं मूल्य वाचा. तिथे नवं आणि पानावर जुनं असेल तर पीएचपीच्या कोडमध्ये शोधत बसू नका, वरच्या थरांकडे जा.

पोस्ट बदलली की ट्रान्झियंट पुसायचा म्हणून सेव्ह_पोस्टला हुक (पोस्ट जतन होताना आपला कोड चालवणारी जोडणी) लावलेला असतो. तो हुक आवृत्त्या आणि आपोआप होणारे मसुदे जतन होतानाही चालतो. संपादक लेख लिहीत बसला की कॅशे सतत पुसला जातो. आवृत्ती असेल तर हुकमधून लगेच बाहेर पडा, आणि पोस्टचा प्रकार तपासल्याशिवाय काहीही पुसू नका. शेकडो नोंदी एकदम आयात करताना एकेक ट्रान्झियंट पुसण्यापेक्षा नावात एक आवृत्ती-क्रमांक ठेवा आणि आयात संपल्यावर तो एकदाच वाढवा. जुन्या नोंदी मुदत संपल्यावर जातात. वर्डप्रेस ४.९ पासून डेटाबेसमधले शिळे ट्रान्झियंट रोजच्या क्रॉनमध्ये झाडले जातात. मात्र मुदत ० दिलेले त्यात येत नाहीत, आणि ते प्रत्येक पानावर आपोआप लोड होतात. साइट हेल्थमध्ये आपोआप लोड होणाऱ्या ऑप्शन्सबद्दल इशारा आला असेल तर पहिल्यांदा हेच शोधा.